सूचना : संपादनाचा वाद झाला तर

विकिपीडियावर लिहिणाऱ्या सर्व सदस्यांसाठी.

तुमचा मजकूर कुणी काढला, तर लगेच परत टाकू नका. आधी पानाचा इतिहास उघडा, दोन आवृत्त्यांतला फरक पाहा आणि समोरच्याचा संपादन सारांश (बदलासोबत लिहिलेली छोटी टीप) वाचा. बऱ्याचदा कारण तिथेच असते : संदर्भ नाही, किंवा दुवा मृत आहे.

इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्यांचे बदल उलटवल्यास (म्हणजे रद्द केल्यास) खाते रोखले जाऊ शकते. मोजणीत अनेकांची गफलत होते. दर वेळी वेगळे वाक्य उलटवले किंवा थोडाच भाग उलटवला, तरी ते मोजले जाते. शिवाय तीन वेळा हा हक्क नव्हे. त्याआधीही कारवाई होते. उघड उत्पात (मुद्दाम केलेली नासधूस) हटवणे यातून वगळलेले आहे, पण मतभेदाला उत्पात म्हणू नका.

लेखाच्या चर्चा पानावर नवा विभाग सुरू करा. वादातले नेमके वाक्य, तुमचा संदर्भ पृष्ठक्रमांकासह आणि सुचवलेला बदल लिहा. शेवटी चार टिल्ड (~~~~) देऊन सही करा. व्यक्तीवर एक शब्दही नको. उत्तराला दोन-तीन दिवस द्या. मराठी विकिपीडियावर तोडगा निघाला नाही तर चावडीवर, म्हणजे सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडा.

आपल्या गटात मात्र ‘या, पाठिंबा द्या’ असा निरोप कृपया टाकू नका. सहमती मुद्द्यांवर ठरते, डोकी मोजून नव्हे. आणि बोलावून आणलेल्या पाठिंब्यामुळे खरा मुद्दाही संशयात सापडतो.

प्रचालकाने (विशेष अधिकार असलेल्या सदस्याने) पान सुरक्षित केले, म्हणजे संपादनासाठी बंद केले, तर त्या वेळची आवृत्ती त्यांना मान्य आहे असे समजू नका.