लिनोकट म्हणजे ‘छापील प्रत’ नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत छापाचित्रांच्या प्रदर्शनाविषयीचे टिपण वाचले. वादळी पावसात घोंगडीच्या खोळी घेऊन निघालेल्या शेतकरी कुटुंबाचा लिनोकट आपण छापलात, याचा आनंद आहे. मात्र त्याखाली ‘मूळ चित्राची छापील प्रत’ असे लिहिले आहे, ते चूक आहे. या चित्राचे वेगळे मूळ नसतेच. लिनोलियमचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या मऊ तक्त्याचा, ठसा कोरून, शाई लावून चित्रकाराने काढलेला प्रत्येक छाप मूळच असतो. खाली पेन्सिलीने ५/२० लिहिलेले असेल, तर तो वीस छापांच्या आवृत्तीतला पाचवा.

त्यातला पाऊस पांढऱ्या रंगाने रंगवलेला नाही. हत्यार जिथून फिरले तिथे शाई लागत नाही, कागद कोरा राहतो, तीच सर. व्ही आकाराचे हत्यार जरा खोल गेले की सर जाड होते, आणि कोरलेली रेघ पुन्हा भरून येत नाही. म्हणून आधी माणसे कोरायची, पाऊस शेवटी. एक सर आईच्या चेहऱ्यावरून गेली तरी डोळा तुटतो. ती अलीकडे थांबवून पलीकडे पुन्हा सुरू करावी लागते. सगळ्या रेघा सारख्या अंतरावर पडल्या तर पावसाऐवजी खिडकीची जाळी दिसते. शिवाय छाप उलटा येतो. ठशावर उजव्या हातात काठी दिली, तर कागदावर बाप डावखुरा होतो.

जपानी चित्रकार हिरोशिगेच्या १८५७ मधील, लाकडी ठशांनी छापलेल्या पुलावरच्या पावसाच्या चित्रात सरी काळ्या आहेत. तिथे कोरणाऱ्या कारागिरांनी बारीक रेघ तेवढी उभी ठेवून दोन्ही बाजूंचे लाकूड काढले. तेही दोन ठशांवर, किंचित वेगळ्या कोनांत. हे काम फारच अवघड.

शाई जाड लागली की बारीक चरी बुजतात आणि पाऊसच नाहीसा होतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तेलाची शाई लवकर वाळत नाही. छाप घाईने एकावर एक ठेवले तर वरच्याच्या पाठीला डाग पडतात. विकत घेणाऱ्यांनी फ्रेम करताना काच छापाला टेकू देऊ नये, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालावा. नाहीतर बुरशी धरते.

यापुढे अशा चित्राखाली माध्यम, आकार आणि आवृत्तीचा आकडा द्यावा. आणि चित्र जागेसाठी कापू नये. या वेळी डावी कड कापली गेली. सगळा वारा तिकडूनच येत होता.

– पुण्यातील काही छापाचित्रकार