घवघवीत यश म्हणजे नेमके किती सेकंद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की नाशिकच्या पानावर रोज तीन-चार बातम्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या येतात. ‘अमुक विद्यालयाचे घवघवीत यश’ हा मथळा. खाली मुलांनी ‘उज्ज्वल कामगिरी’ करून ‘शिरपेचात मानाचा तुरा’ खोवल्याचं एक वाक्य. मग अध्यक्ष, सरचिटणीस, शालेय समिती, मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी अभिनंदन केल्याची यादी. अशी कुठलीही बातमी घ्या आणि ओळी मोजा. पळालेल्या पोराच्या वाट्याला दीड-दोन ओळी आलेल्या दिसतील. तो किती वेळात पळाला, हे त्या दीड ओळीतही नसतं.

हे पत्र लिहिणारे आम्ही मैदानावर शिट्टी, घड्याळ आणि टेप सांभाळणारे काही क्रीडाशिक्षक आणि पंच आहोत. दोष सगळा वार्ताहरांचा नाही. शाळांतून जो मजकूर येतो, तोच असा येतो, आणि तो लिहिणारे बहुतेक आमच्यातलेच असतात.

मैदानी स्पर्धांपासून सुरुवात करू, कारण तिथं आकड्याला पर्याय नाही. ‘गोळाफेकीत ११ मीटरची फेक’ असं छापलं तर त्यातून काहीच कळत नाही. गोळा किती किलोचा होता? १७ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा असतो, १९ वर्षांखालील मुलांचा ६ किलोचा आणि खुल्या गटात ७.२६० किलोचा. पाच किलोच्या गोळ्यानं ११ मीटर आणि सहा किलोच्या गोळ्यानं ११ मीटर या वेगळ्या गोष्टी आहेत. पेठ किंवा सुरगाण्याच्या आश्रमशाळेतला क्रीडाशिक्षक ती बातमी वाचून आपल्या पोराची फेक ताडून पाहत असतो. वजन लिहिलं नसेल तर तो काय ताडणार?

धावण्याच्या वेळेत तर आणखी गोंधळ. १०० मीटरमध्ये ‘११.३२ सेकंद’ असं छापून आलं आणि स्पर्धा हातातल्या घड्याळावर झाली असेल, तर तो आकडा चुकीचा आहे. हातघड्याळाची वेळ शतांशात देत नाहीत. ती पुढच्या दशांशात नेतात, म्हणजे ११.३२ असेल तर ११.४ लिहायची. एका क्रमांकावर तीन वेळाधिकारी असतील आणि दोघांची वेळ जुळली तर ती धरायची. तिघांची वेगवेगळी आली तर मधली. दोनच घड्याळं चालली तर जी वेळ जास्त ती. आणि हातघड्याळाची ११.४ ही इलेक्ट्रॉनिक घड्याळाच्या ११.४० बरोबर धरता येत नाही. १०० आणि २०० मीटरला हातवेळेत साधारण ०.२४ सेकंद मिळवून तुलना करायची प्रथा आहे, म्हणजे ११.४ ची ११.६४ होते. घड्याळाच्या बटणावरचा अंगठा माणसाचा असतो. तो तेवढा उशिरा दाबला जातो.

तालुका पातळीवर चुकीचं मूळ बहुधा सुरुवातीलाच असतं. बंदुकीचा धूर किंवा लाकडी फळी (क्लॅपर) मिटताना पाहून घड्याळ सुरू करायचं असतं. समारोपाच्या रेषेवर उभा असलेला शिक्षक आवाज ऐकून बटण दाबतो. आवाजाला १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. पोरगा तेवढा आधीच निघालेला असतो. मग आठवीतला मुलगा जिल्ह्याच्या विजेत्यापेक्षा वेगवान ठरतो, बातमी येते, पालक खूश होतात आणि विभागीय स्पर्धेत तोच मुलगा प्राथमिक फेरीत बाद होतो. त्याचं काही बिघडलेलं नसतं. शिट्टीवर शर्यत सोडली तर अडचण आणखी वाढते, कारण शिट्टी लांबून दिसतच नाही. म्हणून फळी वापरा, ती डोक्यावर उंच धरा आणि मागं गडद रंगाचा कपडा येईल असं पाहा.

मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत मैदानाचा घेर विचारायला हवा. पुष्कळ शाळांच्या पटांगणात २०० मीटरचा ट्रॅक चुन्यानं आखतात. ट्रॅकच्या आतल्या बाजूला नुसती रेषा असेल तर रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर अंतर मोजायचं, उंच कडा असेल तर ३० सेंटिमीटर बाहेर. टेप थेट चुन्याच्या रेषेवरून फिरवली तर प्रत्येक फेरीत सव्वा मीटरचा फरक पडतो. १५०० मीटरला अशा ट्रॅकवर साडेसात फेऱ्या होतात, म्हणजे मुलगा साडेनऊ मीटर जादा पळतो. पाच मिनिटांत १५०० पळणाऱ्याचे त्यात जवळपास दोन सेकंद जातात. कविता राऊत हरसूलकडच्या सावरपाड्यातून निघून २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य घेऊन आली. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातली पोरं लांब पल्ल्याकडे वळतात. त्यांच्या बातमीत निदान ‘२०० मीटरचा मातीचा ट्रॅक’ एवढे शब्द असावेत.

रिलेबद्दलही लिहायला हवं, कारण हरलेल्या रिलेची बातमी कुणी देत नाही. ४ × १०० मध्ये बॅटन बदलायचं क्षेत्र आता ३० मीटरचं आहे. पूर्वी ते २० मीटरचं होतं आणि त्याआधी १० मीटर धावायला मोकळे असत. जुन्या सवयीनं काही ठिकाणी अजून २० चीच खूण पडते आणि चांगला चमू बाद होतो. बदल क्षेत्रात झाला की नाही हे बॅटनवरून ठरतं, मुलाच्या पायावरून नाही. घेणाऱ्यानं मागं टाच-पंजा मोजत २० ते २५ पावलांवर खूण करायची, येणारा त्या खुणेवर आला की सुटायचं आणि मागं वळून पाहायचं नाही. बॅटन पडलं तर ज्याच्या हातून पडलं त्यानंच उचलायचं. ‘अंतिम फेरीत दुसऱ्या बदलात बॅटन पडल्यानं चौथे’ ही ओळ छापली तर पुढच्या वर्षी निदान दहा शाळा दुसऱ्या बदलाचा सराव करतील.

आता पातळीचा घोळ. तालुका, जिल्हा किंवा महानगरपालिका, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी ही शिडी आहे. आपल्याकडे नाशिक मनपा, मालेगाव मनपा आणि नाशिक ग्रामीण वेगवेगळे उतरतात, हे शहरातल्या वाचकाला बहुधा ठाऊक नसतं. विभागात पहिला आलेल्या मुलाची राज्य स्पर्धेसाठी निवड होते. दुसऱ्या दिवशी बातमी: ‘राज्यस्तरावर यश’. राज्य स्पर्धा अजून व्हायची असते! ‘निवड’ आणि ‘यश’ या दोन शब्दांत एक अख्खी स्पर्धा आहे. त्यातच हल्ली खासगी संस्था प्रवेशशुल्क घेऊन ‘राष्ट्रीय’ स्पर्धा भरवतात. शाळेच्या गाडीत बसून थेट जाता येतं, मध्ये जिल्हा नाही, विभाग नाही. तिथलं सुवर्ण आणि शालेय राष्ट्रीय स्पर्धेतलं सुवर्ण एकाच मापाच्या मथळ्यात छापलं की खऱ्या शिडीनं वर गेलेल्या पोराचा अपमान होतो. बातमीत आयोजकाचं नाव दिलं की वाचक आपला आपण समजतो.

किती स्पर्धक होते, हेही विचारत चला. हातोडाफेक किंवा चालण्याच्या शर्यतीत तालुक्याला कधी तीनच मुलं असतात. ‘तृतीय क्रमांक’ खरा असतो, पण शेवटचाही तोच असतो. सांघिक खेळात समोरचा संघ आलाच नाही तर पुढे चाल मिळते. दोनदा पुढे चाल मिळालेला संघ उपांत्य फेरीत ‘दिमाखात’ पोचल्याचं वाचनात येतं.

‘नववीतील विद्यार्थी’ एवढं लिहून गट कळत नाही. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे आहेत आणि वय १ जानेवारीच्या हिशेबानं धरतात. एकाच बाकावर बसणारी दोन मुलं वेगवेगळ्या गटात असू शकतात. इयत्ता लिहा, पण गट आधी लिहा.

कौतुक करायचं तर खो-खोच्या बातमीचं. मराठी वर्तमानपत्रांनी ती पूर्वीपासून नीट सांभाळली आहे. ‘एक डाव व ४ गुणांनी विजय, अमुकनं २ मिनिटं १० सेकंद संरक्षण करून ३ गडी टिपले’ एवढ्यात सामना डोळ्यांसमोर उभा राहतो. कबड्डीला मात्र नुसता शेवटचा गुणफलक मिळतो. ३५-२२ हा सामना मध्यंतराला १२-१४ असा मागं असेल तर बातमी वेगळी आहे. लोण केव्हा पडला, चढाईचे गुण किती, पकडीचे किती, तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना अव्वल पकड कुणी केली, हे गुणपत्रकावर सगळं लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढायला अर्धं मिनिट लागतं. सामना मातीवर झाला की मॅटवर, हेही विचारा. मातीवर अनवाणी सराव केलेली पोरं मॅटवर बूट घालून उतरली की पाय जागच्या जागी धरला जातो. वळताना घोटा मुरगळतो, आणि मातीवर जमणारी घसरून लाथ मारायची सवय तिथं गुडघे सोलून काढते. ग्रामीण संघ पहिल्या सामन्यात हरतात त्याचं हे एक साधं कारण. आठ दिवस आधी मॅटवर सराव मिळाला तर निम्मा फरक भरून निघतो. वजनाचंही तेच. कबड्डीच्या वजनमर्यादेत बसावा म्हणून आदल्या रात्री मुलाला उपाशी ठेवणारे महाभाग आहेत. तो मुलगा दुसऱ्या सत्रात दमलेला दिसतो तेव्हा प्रेक्षक ‘स्टॅमिना नाही’ म्हणतात.

मल्लखांब तर आपल्या घरचा खेळ. पेशवाईतले व्यायामगुरू बाळंभट्टदादा देवधर यांना वणीच्या सप्तशृंगगडावर या विद्येचा साक्षात्कार झाला, अशी आख्यायिका आखाड्यांतून सांगतात. आणि त्याच जिल्ह्यात ‘मल्लखांब स्पर्धेत प्रथम’ यापुढे बातमी जात नाही. पुरलेला की टांगता की दोरीचा, हे तरी लिहा. टांगता मल्लखांब मुलाच्या वजनानं फिरतो आणि डोलतो, त्यामुळे पुरलेल्यावर सहज जमणारी अढी (पायांची पकड) तिथं अर्ध्यात सुटते. गुण दहापैकी आणि शतांशात असतात, ८.३५ आणि ८.४० मध्ये सुवर्ण-रौप्य ठरतं. एरंडेल जास्त लागलं की पकड सुटते, कमी लागलं की मांडीची कातडी निघते. बोंडावर, म्हणजे खांबाच्या टोकावर, तोल धरणाऱ्या मुलाचा फोटो छापलात तर खाली नाव हवं. ‘मल्लखांबावर चित्तथरारक कसरती करताना विद्यार्थी’ हे नाव नव्हे.

नावांबद्दल थोडं सविस्तर. स्पर्धेच्या याद्या इंग्रजी अक्षरांत असतात आणि बातमी लिहिणारा त्यावरून मराठी करतो. मग भोये या आडनावाचं भोई होतं, महालेचं महाळे, गावितचं गवित. पोरानं कात्रण जपून ठेवलं तरी ते त्याचं राहत नाही. शाळेनं जनरल रजिस्टरमधलं नाव मराठीत टाइप करून पाठवावं, आणि युनिकोडमध्येच पाठवावं. जुन्या फॉन्टमधला मजकूर उघडला की जोडाक्षरं फुटतात. प्रमाणपत्रावरचं नाव मात्र मैदान सोडण्यापूर्वीच तपासून घ्यावं. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मागताना कात्रण चालत नाही, प्रमाणपत्र लागतं. त्यावरचं एक अक्षर चुकलेलं फेब्रुवारीत लक्षात आलं की क्रीडा कार्यालयाच्या चकरा सुरू होतात.

फोटोत पहिल्या रांगेत खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे आणि मागं शेवटच्या रांगेत मुलांची फक्त कपाळं, हा फोटो बंद व्हावा. बारा मुलांचा चमू दोन रांगांत, चषक कर्णधाराच्या हातात, ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि छापताना पुसट येतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ आकारात जातो. मुलांचे घरचे पत्ते, जन्मतारखा, पालकांचे फोन मजकुरात घालू नयेत. काही शाळा उत्साहात तेही पाठवतात.

बातमी कशी असावी, याचा एक नमुना देतो. आकडे कल्पित आहेत:

‘जिल्हा शालेय मैदानी स्पर्धा, १७ वर्षांखालील मुले. १५०० मीटर: अमुक (तमुक विद्यालय) ४ मि. २६.४ से., हातघड्याळ, ४०० मीटर मातीचा ट्रॅक, १४ स्पर्धक. शेवटच्या फेरीपर्यंत तिसरा. अखेरच्या २०० मीटरमध्ये दोघांना मागं टाकलं. गोळाफेक (५ किलो): अमुक ११.८६ मी., पाचव्या प्रयत्नात. ४ × १०० रिले: तमुक विद्यालय बाद, तिसरा बदल क्षेत्राबाहेर. पहिले दोघे विभागीय स्पर्धेसाठी पात्र. मार्गदर्शक: अमुक.’

हे सगळं पन्नास-साठ शब्दांत बसतं. नेहमीची अभिनंदनाची यादी याहून लांब असते. स्पर्धा आटोपल्यावर पंचांच्या टेबलावर निकालपत्रक बसून लिहून घेतलं तर रात्री आठच्या आत मजकूर तुमच्याकडे पोचतो. तालुका स्पर्धांपूर्वी आपल्या क्रीडा विभागानं असा अर्ध्या पानाचा कोरा नमुना छापावा. आम्ही तो आपापल्या शाळांत सूचनाफलकावर लावू आणि संघाच्या किटबॅगेत एक प्रत टाकू. अभिनंदनाची यादी ज्यांना हवीच असेल त्यांच्यासाठी त्या नमुन्यात तळाला एक ओळ सोडावी. एकच.

आपले,
नाशिक शहर व ग्रामीण भागातील काही क्रीडाशिक्षक आणि पंच