मंत्रीसाहेब, कपाटात पडून राहणाऱ्या औषधाचेपण पैसे द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

फार्मा आणि इनोव्हेशनवर तुमची भाषणं ऐकतो, छान असतात, पण त्यात अँटिबायोटिक कधी येतच नाही. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करतो. कधीकधी कल्चरचा रिपोर्ट असा येतो की औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत नुसतं आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, जंतू कशालाच जुमानत नाही, आणि तेवढ्यात वॉर्डातून डॉक्टरांचा फोन, अहो एखादं तरी एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडणारं औषध) दिसतंय का? २०१९ मध्ये जगात अशा जंतूंमुळे थेट अंदाजे १२.७ लाख माणसं गेली.

मग नवीन औषधं का येत नाहीत? हुशार माणसं नाहीत असं अजिबात नाही. अकाओजेन नावाची अमेरिकन कंपनी होती, त्यांच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला जून २०१८ मध्ये तिथल्या एफडीएची, म्हणजे औषधं पास करणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला!! त्याच वर्षी डब्ल्यूएचओने हेच औषध अत्यावश्यक यादीत घातलं. म्हणजे औषध पास, कंपनी नापास. नोव्हार्टिस या बड्या औषध कंपनीने तर २०१८ मध्येच अँटिबायोटिकचं संशोधन बंद केलं, आणि ती टीम एकदा पांगली की परत कुठून गोळा करणार.

कारण सरळ आहे. बीपीची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिकचा कोर्स आठ-दहा दिवसांत संपतो, आणि नवीन असेल तर आम्हीच सांगतो की जपून ठेवा, बाकी सगळं फेल गेलं तरच काढा. बरोबरच आहे ते. पण मग खप होणार कसा? सुरुवातीच्या संशोधनाला ग्रँट मिळतेही, पुढे गिऱ्हाईकच नाही.

ब्रिटनने २०२२ मध्ये यावर एक उपाय केला. दोन अँटिबायोटिकसाठी एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, कंपन्यांना वर्षाला ठरलेली रक्कम द्यायचा करार केला, प्रत्येकी १ कोटी पौंडांपर्यंत, मग वापर कितीही होवो. खप वाढवायची गरजच संपली. तुम्हीही असा करार करा, फक्त अटी कडक घाला, सप्लाय तुटता कामा नये, आणि फॅक्टरीच्या सांडपाण्यातून औषध नदीत गेलं तर पैसे बंद. (ही अट घालताना लॉबी येईलच तुमच्या दारात.)

अर्थखातं विचारेल, वापरलंच नाही त्याचे पैसे कशाला? तेव्हा त्यांना विचारा, तुमच्या बंगल्याच्या गेटवरच्या पोलिसाला चोर पकडला त्याच दिवसाचा पगार देता का?

आपला,
एक लॅबवाला