मुक्ताला मुक्ताच राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या बहिणीची मुलगी मुक्ता जळगावहून घरी आली, ती वहीच्या पहिल्या पानावर ‘मेगन’ असे दहा वेळा लिहून. परदेशी ग्राहकांचे फोन घेण्याच्या नोकरीसाठी तिने एका प्रशिक्षण वर्गात प्रवेश घेतला आहे. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर इंग्रजी नावे लिहिली आणि प्रत्येकाला एकेक निवडायला लावले. अजून मुलाखत नाही, कंपनी कोणती तेही ठाऊक नाही, नाव मात्र आधीच बदलले.

बहिणीला लग्नानंतर आठ वर्षे मूल नव्हते. तेव्हा ती मुक्ताईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत पायी गेली होती. महिनाभराची चाल ती. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तेव्हा घरात दुसरे नाव कुणी सुचवलेसुद्धा नाही.

मी हे अधिकाराने लिहिते, कारण २००६ ते २०१० मी पुण्यात हेच काम केले. आमच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे आमच्या कामाच्या गटाकडे, अमेरिकेतल्या लोकांच्या इंटरनेटच्या तक्रारी यायच्या. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा; नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसात. त्यामुळे आमची शिफ्टही वर्षातून दोनदा तासाने सरकायची. तिथे मी ‘ब्रेंडा’ होते. भागीरथी हे माझ्या आजीचे नाव, तेच माझे; यावलला सगळे मला भागीच म्हणतात. ट्रेनर म्हणाले, ‘हे तिकडे कुणाला उच्चारता येणार नाही.’ पण ग्राहकाचे नाव कॉलमध्ये दोनदा तरी नीट उच्चारले नाही, तर आमचे कॉल तपासणारे क्वालिटीवाले गुण कापायचे. कोवाल्स्की, श्मिट, ओ’शॉनेसी ही नावे आम्ही मुलींनी कॅबमध्ये बसून पाठ केली आहेत. जळगाव-धुळ्याकडच्या पोरींना ती जमली. मग तिकडच्या लोकांना ‘भागी’ जमले नसते, हे मला आजही पटत नाही. कुणी कधी म्हणून पाहायलाच सांगितले नाही.

२००९ च्या श्रावणातली, आमच्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या रात्रीची गोष्ट. मोबाइल लॉकरमध्ये ठेवूनच फ्लोअरवर जावे लागे. रात्री साडेअकराला आजीची तब्येत एकदम बिघडली. माझा मोबाइल लागतो पण कुणी उचलत नाही, म्हणून आईने ऑफिसच्या नंबरवर फोन केला आणि भागीरथीला बोलवा म्हणाली. रात्रपाळीच्या डेस्कवर जी यादी होती ती फोनवरच्या नावांची. ‘या नावाचे इथे कुणी नाही,’ असे उत्तर मिळाले. आईने पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. फोन उचलणाऱ्या मुलाचा दोष नव्हता; समोरच्या कागदावर जे होते ते त्याने सांगितले. पहाटे पाचला मी लॉकर उघडला तेव्हा सतरा मिस्ड कॉल होते. रात्रीच्या ट्रॅव्हल्स केव्हाच गेल्या होत्या. मी घरी पोहोचले तोवर आजीला अग्निडाग देऊन, अंघोळी करून मंडळी ओट्यावर बसली होती. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे पीठ तसेच परातीत झाकून ठेवलेले होते. आई एवढेच म्हणाली, ‘ते म्हणे तू तिथे नाहीच.’

दुसरी बाजूही मला माहीत आहे. आपले काम भारतात गेले म्हणून चिडलेली माणसे फोनवर वाटेल ते बोलत. ते शिव्याशाप ‘ब्रेंडा’ला आहेत, मला नाहीत, असे मनाला समजावून मी कितीतरी रात्री काढल्या. एका मैत्रिणीला एक ग्राहक तिचे फोनवरचे नाव घेऊन मुद्दाम पुन्हा पुन्हा तिलाच मागायचा, तेव्हा खरे नाव त्याला ठाऊक नाही याचाच आधार होता. म्हणून टोपणनाव ज्या मुलीला हवे तिला ते जरूर असावे. पण ते तिने मागावे, फळ्यावरून तिच्या माथी मारू नये. आडनाव न सांगता नुसते पहिले नाव किंवा घरचे छोटे नाव सांगितले तरी काम भागते.

आता तर बोलता बोलता आपले उच्चार तिकडच्या वळणाचे करणारे सॉफ्टवेअर आले आहे. म्हणजे नाव गेले, आता आवाजही जाणार. हे कंपन्यांना मी काय सांगणार? पण इथल्या प्रशिक्षण वर्गांना आणि कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांना तरी सांगू शकते. आपल्याच राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे ठरवले आहे. एकीकडे नावाची एवढी कदर आणि दुसरीकडे वीस वर्षांच्या पोरीला पहिल्याच तासाला नाव पुसायला लावायचे? ऐकायला शिकवा, स्पष्ट बोलायला शिकवा, चिडलेल्या माणसाला शांत कसे करायचे ते शिकवा. हे सगळे कठीण आहे आणि त्यावरच नोकरी टिकते. आणि प्रत्येक घरात ऑफिसचा असा एक नंबर असू द्या, जिथे खऱ्या नावाने माणूस सापडेल. कंपनीकडून हे लिहून घ्या.

सोमवारी मुक्ता पुन्हा वर्गाला जाणार आहे. मी तिच्यासोबत जळगावला जाऊन सरांना भेटणार आहे. ज्यांची मुले अशा वर्गांना जातात त्या पालकांनीही एकदा त्यांच्या वहीचे पहिले पान उघडून पाहावे, ही विनंती.

आपली,
भागीरथी पाटील, भुसावळ