कूपातही वाफसा पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अवकाळी पाऊस पडून गेला की वाफसा (जमीन पेलण्याइतकी सुकणे) आल्याशिवाय कोणताही शेतकरी वावरात औत घालत नाही. त्याच पावसाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कूपात (जंगलातल्या तोडीच्या तुकड्यात) मात्र सागवानाने भरलेली ट्रॉली चिखल तुडवत निघालेली असते. गडचिरोली-चंद्रपूरकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीसह पाऊस येतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरलेला माल काढण्याची घाई असते. जमिनीचे सर्वांत जास्त नुकसान या दोन वेळांना होते.

ओल्या मातीवर भार आला की कण एकमेकांवर घसरून घट्ट बसतात आणि मधल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. सागाला पाणी साचलेली, हवा नसलेली जमीन मानवत नाही. दाबलेल्या पट्ट्यात पाणी मुरत नाही. ते चाकोरीतून धावते आणि सोबतची माती नाल्यावाटे खालच्या बोडीत (छोट्या तळ्यात) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात जाऊन बसते. धानाचे पाणी तिथूनच येते, म्हणून हा प्रश्न एकट्या वनखात्याचा नाही.

माती कोणती, हेही पाहावे लागते. कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन ओली असताना सर्वांत वाईट फसते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांमुळे वरचा थर थोडाफार मोकळा होतो. लाल, रेतवट जमिनीत असे फुगणे-आकसणे फारसे नसते. ती एकदा दाबली की कित्येक वर्षे तशीच राहते. वरून टणक दिसते म्हणून तिच्यावर बिनधास्त गाडी घातली जाते, ते चूक आहे. थंड देशांत गोठलेल्या जमिनीवरून लाकूड काढतात. आपल्याकडे तेच काम एप्रिल-मेचे ऊन करते.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यावी आणि तळहातावर तिची वात वळावी. पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची, म्हणजे साधारण ३ मिलिमीटरची वात न तुटता वळली, तर माती अजून ओली आहे. तेवढी बारीक होण्याआधीच ती भुरभुरून तुटली, तर गाडी घालायला हरकत नाही. कूपात चार-पाच ठिकाणी, त्यातही खोलगट जागी हे पाहावे. सिहारसारख्या रेतवट मातीची वात नीट वळत नाही. तिथे रिकामी ट्रॉली एकदा फिरवून चाकोरी मोजावी. चार बोटे खोल गेली तर थांबून विचार करावा, वीतभर गेली तर काम बंद.

सगळ्यात मोठी चूक चिखल टाळण्यासाठी बाजूने गाडी काढण्याची. माती जेवढी दाबली जाते, त्यातला बराचसा भाग पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच होतो. पुढच्या फेऱ्यांनी त्यात थोडीच भर पडते. म्हणजे प्रत्येक नवी वाट नवे नुकसान करते. म्हणून तोड सुरू होण्याआधीच लाकूड ओढण्याच्या वाटा चुन्याने आखाव्यात, दोन वाटांत सुमारे ३० मीटर अंतर ठेवावे आणि झाडे त्या अंदाजाने पाडावीत. मधल्या पट्ट्यातले लठ्ठे विंचच्या (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या) दोराने किंवा बैलांनी वाटेपर्यंत आणावेत. ट्रॅक्टर वाट सोडून आत जाऊ नये. फसलेले चाक गरगर फिरवू नये. माल उतरवून, फांद्या घालून गाडी काढावी.

ओलसर तुकड्यात वाटेवर फांद्यांची गादी घालावी. मनगटाएवढ्या फांद्या खाली, गाडीच्या दिशेला आडव्या, आणि वर डहाळ्या. दबल्यावरही फूटभर राहील इतकी जाडी हवी. जळाऊ बीट (सरपणाचा मोजून रचलेला ढीग) रचताना सगळे सरपण उचलले जाते आणि गादीला काहीच उरत नाही, तेव्हा बारीक माल आधीच राखून ठेवावा. मात्र वाहतूक संपली की गादी उचलून पांगवावी. मोहफुलांच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत वाळलेला ढीग वणव्याला आमंत्रण ठरतो.

टायरमधली हवा जितकी जास्त, तितका वरच्या थरावर दाब जास्त. ट्रकच्या टायरमध्ये १०० पौंडांच्या आसपास हवा असते, म्हणून ट्रक पक्क्या रस्त्यालगतच्या माल भरण्याच्या जागीच थांबवावा. ट्रॉलीची हवा कमी करायची तर मालही कमी भरावा आणि डांबरीवर चढण्याआधी हवा पुन्हा भरावी, नाहीतर टायर फुटतो. खोलवरचा दाब मात्र एकूण वजनावर ठरतो. रुंद टायर त्याला उपाय नाही. वाळलेला सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, ओला त्याहून बराच जड. माल सुकू दिला तर तोही भार कमी होतो.

नाल्यातून सरळ गाडी घालू नये. बल्ल्यांच्या मोळ्या टाकून तात्पुरता रपटा करावा आणि पावसाळ्याआधी तो काढावा. काम संपल्यावर वाटांवर तिरपे आडबांध घालावेत: १०० मीटरला ५ मीटर उतार असेल तर साधारण ४० मीटरवर एक, १० मीटर उतार असेल तर २५ मीटरवर एक. पाणी झुडपांत पसरेल असे तोंड ठेवावे, नाल्याकडे नको. नांगरून वाट मोकळी करायची तर माती कोरडी असतानाच. ओलीत नांगराचा फाळ माती लिंपतो.

हे सगळे मजूर आणि ट्रॅक्टरवाल्यांना कळते. अडचण करारात आहे. पैसे घनमीटरवर आणि मुदत तारखेवर, मग थांबणाऱ्याचेच नुकसान होते. वनविभाग, वनविकास महामंडळ आणि बांबू विकणाऱ्या ग्रामसभांनीही करारात एक कलम घालावे: वाफसा नसलेल्या दिवसांची वाहतूक बंद, तेवढी मुदतवाढ आपोआप, आणि बसून राहिलेल्या मजुरांना त्या दिवसांची ठरलेली रक्कम. वातीची चाचणी कोणी घ्यायची, तेही त्यातच लिहावे. यंदाचे करार होण्याआधी हे व्हावे, एवढी विनंती.

आपले,
कूपकामाचे जाणकार काही वाचक,
जि. गडचिरोली