सुहासला पत्र : चाल आणि आवाज

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच. आता कामाचं.

पुढच्या उन्हाळ्याच्या शोसाठी डिझाइन टीमची बैठक झाली आणि दोन गोष्टी निघाल्या. एक, आमचं कोअर, म्हणजे मैदानात कवायत करत ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि ड्रम वाजवणारं इथलं अमेरिकेतलं स्पर्धेचं पथक, वर्षानुवर्षं ज्या प्रार्थनेसारख्या चालीवर शो संपवतं, ती काढायची. दोन, तिसऱ्या भागात ढोल-ताशा आणायचा आणि तो मी लिहून द्यायचा. इथे कुणाला सांगितलं तर अभिनंदन करतील. आपल्या ढोल-ताशा पथकाच्या नानांच्या अंगणातलं त्या रात्रीचं भांडण, सिनेमाचं गाणं वाजवण्यावरून झालेलं, तुला माहीत आहे, अर्धं तर तूच केलंस. म्हणून हे तुलाच लिहितोय.

तुला व्हिडिओ पाठवले की तुझं ठरलेलं उत्तर येतं, ‘सगळी कोअर सारखीच, गणवेश तेवढे वेगळे.’ हे मी कधी मान्य केलं नाही, पण त्यात आजच्या कोअरांपुरतं तथ्य आहे. 2000 पर्यंत सगळ्यांच्या हातात एकाच पट्टीतले, जी स्वरातले बिगुल होते. वाद्यं सारखी, म्हणून ओळख संगीताच्या निवडीतून यायची. रॉकफर्डचं फँटम रेजिमेंट म्हणजे वाग्नर, द्वोर्झाक, असं अभिजात संगीत. कॉन्कर्डचे ब्ल्यू डेव्हिल्स म्हणजे जॅझ. सांता क्लारा व्हॅनगार्डचा ‘फिडलर ऑन द रूफ’मधला बाटल्यांचा नाच सुरू झाला की स्टेडियममध्ये कुणाला नाव विचारावं लागत नसे. 2000 मध्ये कुठल्याही पट्टीची ब्रास वाद्यं चालू झाली, 2004 मध्ये माइक आले, 2009 मध्ये सिंथेसायझर. आता कुणीही कुठलाही आवाज काढू शकतं, आणि त्यामुळेच बरेच जण एकच आवाज काढतात. ब्रासचा मोठा ठोका आला की त्याखाली सिंथेसायझरचा खर्ज, मग अर्धा मिनिट रेकॉर्ड केलेलं बोलणं, मग चार वेगवेगळ्या रचनांचे दोन-दोन ओळींचे तुकडे. दोष यंत्राचा नाही. ब्ल्यूकोट्सनी 2014 च्या शोमध्ये सूर घसरवण्याची करामत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीनेच केली आणि ती त्यांची सही होऊन बसली. त्यांनी आधी काय ऐकवायचं ते ठरवलं, यंत्र नंतर घेतलं.

टीमचं म्हणणं मला कळतं. स्पर्धेत 100 गुणांतले 40 एकूण परिणामाला, 30 दृश्याला, 30 संगीताला. संगीताच्या 30 मध्ये ब्रास, पर्कशन (तालवाद्यं) आणि संगीत-विश्लेषण असे तीन वाटेकरी. परंपरेला वेगळे गुण कुठेच नाहीत. शो अकरा-बारा मिनिटांचा, आणि आमची चाल मिनिटाला 72 मात्रांच्या लयीत चार-चार मात्रांचे 32 बार, म्हणजे पावणेदोन मिनिटं. तेवढा वेळ पोरं जवळजवळ उभी राहून लांब सूर धरतात. जज म्हणतो, सुंदर आहे, पण गेल्या वर्षीपेक्षा नवीन काय?

पण उत्तर म्हणून दुसऱ्याच्या अंगाचं कापड आणायचं का? ब्ल्यू डेव्हिल्सना 2014 मध्ये 99.650 मिळाले, आजवरचा उच्चांक. तेव्हापासून लहान कोअरांनाही तसंच तुकड्यातुकड्यांचं लिहून हवं असतं. ते ब्ल्यू डेव्हिल्सना पेलतं, कारण त्यांच्याकडे वर्षानुवर्षं टिकून राहणारी पोरं आणि शिकवणारे आहेत. आमच्या ट्रंपेटमध्ये निम्मी मुलं पहिल्या उन्हाळ्याची. नवव्या मिनिटाला, उन्हात सात-आठ तास तालीम झाल्यावर, त्यांच्याकडून वरचा सा मागितला तर तो फाटणार. आमची खरी ताकद खालच्या सुरांच्या ब्रासमध्ये आहे, बॅरिटोन, युफोनियम आणि ट्युबा. गेल्या ऑगस्टच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढाच भाग डोळे मिटून ऐकला तरी कोअर ओळखता येतं.

म्हणून माझं मत असं, आणि तुला ते आवडणार नाही. चाल शोमधून जाऊ दे, आवाज जाता कामा नये. मॅडिसन स्काउट्स ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ खांद्याला खांदा लावून म्हणतात, शोमध्ये ते असो वा नसो. व्हॅनगार्डचं ‘सेंड इन द क्लाउन्स’ही तसंच त्यांचं स्वतःचं. आमची चालही मैदानात उतरण्याआधी गोल करून म्हणावी. तिथे तिला कुणी गुण देत नाही आणि कापतही नाही. शोमध्ये मात्र तिच्या जागी दुसरी रचना हवी, जी त्याच खालच्या ब्रासवर उभी राहील आणि पोरांना चालतं ठेवील. तू म्हणशील, ‘लोक ओळखीचं ऐकायला येतात.’ तेव्हाही तेच म्हणत होतास, त्या सिनेमाच्या गाण्यावरून. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही नाही. ओळखीची चाल पहिल्या चार मात्रांत टाळी घेते, पुढचं वादकांनाच सांभाळावं लागतं.

त्याची उलट बाजूही आहे. स्टार ऑफ इंडियानाने 1991 मध्ये रेस्पिगीच्या संगीतावर विजेतेपद मिळवलं आणि दोनच वर्षांनी बार्बर आणि बार्टोक घेऊन उतरले. टोकदार, कोरडं, टाळीला जागाच न देणारं. प्रेक्षक दुभंगले. अंतिम फेरीत 97.3, विजेत्या कॅडेट्सना 97.4. त्यानंतर त्यांनी स्पर्धाच सोडली, आणि आज जाणकार तोच शो पुन्हा पुन्हा काढून ऐकतात. याच्यासमोर 2008 चं फँटम रेजिमेंट ठेव. खाचातुरियनचा ‘स्पार्टाकस’, अगदी त्यांच्या घरातलं संगीत, पण गोष्ट अशी सांगितली की स्टेडियम उभं राहिलं. 98.125 विरुद्ध ब्ल्यू डेव्हिल्सचे 98.100. मला दोन्ही मोठे वाटतात, कारण दोघांनी आपापलं खरं वाजवलं. टीमला मी हेच विचारलं, आपण यातलं कोणतं करतोय? उत्तर आलं नाही.

परवानगीचं लचांड वेगळंच. रचना हक्कात असेल तर प्रकाशकाकडून रूपांतराची लेखी परवानगी आधी, लिहायला बसायचं नंतर. व्हिडिओसाठी आणखी वेगळी. काही प्रकाशक ‘कापाकापी चालणार नाही’ म्हणून सरळ नकार देतात. म्हणून शरद ऋतूतच अर्ज करायचा आणि प्रत्येक जागेसाठी एक पर्यायी रचना हाताशी ठेवायची. प्रकाशनाला 95 वर्षं उलटलेलं जुनं संगीत इथे मोकळं, पण त्याची कुणीतरी अलीकडे केलेली मांडणी मोकळी नाही. पुष्कळ जण तिथे अडकतात. आपल्या ढोल-ताशाच्या हातांना, म्हणजे ठरलेल्या तालरचनांना, प्रकाशकच नाही. परवानगी मागायला कुणी नाही, म्हणून ते नीट वाजवण्याची जबाबदारी माझ्यावरच येते. माझी झोप उडाली आहे ती यामुळे.

आता ताशा. आमच्या स्नेअरवाल्यांना (स्नेअर म्हणजे त्यांचा छोटा, कडक ड्रम) वाटतं की तर्री, म्हणजे ताशाची सलग सरसर, हा त्यांचा रोलच. त्यांच्या रोलमध्ये एका हाताचे दोन-दोन ठोके पडतात आणि ते इस्त्री केल्यासारखे समान असतात. आपली तर्री सुट्या हातांची. 160 च्या लयीत मात्रेला चार धरले तर सेकंदाला दहाच्या वर ठोके. आमच्या नऊ स्नेअरना ते अगदी एकसाथ जमणार नाही, आणि पर्कशनचा जज ते ‘अस्वच्छ’ म्हणून गुण कापणार. आपल्याकडे तर दहा ताशे किंचित मागेपुढे पडतात म्हणूनच ती पत्र्यावरच्या पावसासारखी दाट होते. ती स्वच्छ केली की मरते. शिवाय स्नेअरखाली तारा. त्या सोडल्या तरी ती कडक ताणलेली कातडी ताशासारखी घुमत नाही, नुसती कट्ट वाजते.

माझा तोडगा असा. ताशा स्नेअरला द्यायचाच नाही. खरा ताशा, बांबूच्या काड्या, एकच वादक, पुढे फ्रंटमध्ये (मैदानाच्या कडेला जागेवरून वाजवणाऱ्यांत) माइकसमोर. ढोलाचं काम पाच बेस ड्रमना. ते एरवी एक ओळ पाच जणांत वाटून घेतात, इथे पाचही एकसाथ. उजवीकडे मोकळा ठोका म्हणजे टिपरू, डावीकडे काठी कातडीवर दाबून धरलेला मुका ठोका म्हणजे थाप. टोलच्या, म्हणजे पथकातल्या धातूच्या थाळीच्या, जागी कुणीतरी गाडीचा ब्रेक ड्रम सुचवला. मी नाही म्हटलं, खरा टोल मागवा.

बिघडेल ते अंतरामुळे. बेस ड्रम फ्रंटपासून 40 मीटर मागे असले तर त्यांचा आवाज पुढे यायला सेकंदाचा साधारण आठवा-नववा भाग लागतो. 160 च्या लयीत मात्रेचा पाव भाग त्याहून कमी असतो. ताशेवाला ड्रम मेजरच्या (मैदानावरच्या संचालकाच्या) हाताकडे बघून वाजवू लागला तर प्रेक्षकाला तो एका ठोक्याने पुढे पळाल्यासारखा ऐकू येणार. त्याने मागचं ऐकून वाजवायचं, हाताकडे बघायचंच नाही. म्हणजे लयीत ताशा मागे आणि ढोल पुढे! आपल्या पथकात इशारा ताशाचा, ढोल त्याच्यामागे. हे उलटं ऐकून नाना काठी घेऊन उठले असते. यावर मला एकच उपाय दिसतो. ढोल-ताशाचा हात बदलतो त्या चार मात्रांपुरती सगळी बेस लाइन फ्रंटच्या मागे पाच-सात पावलांवर आणायची, म्हणजे इशारा खरोखर ताशाच देईल. त्यासाठी कवायत लिहिणाऱ्याला आत्ताच सांगायला हवं, मेमध्ये पोरं मुक्कामाला आल्यावर नाही.

आणि हे सगळं किती वेळ? टीमला वीस सेकंद हवेत, चव म्हणून. मी दीड मिनिट मागितलंय. हात संथ सुरू होतो, दुगुन होतो, तोडून थांबतो, हे वीस सेकंदांत बसत नाही. वीसच मिळणार असतील तर मी लिहिणार नाही. त्यापेक्षा आमच्या ट्युबांना ते वीस सेकंद द्या. इथे मात्र तुझं मत हवंय, कारण या एका बाबतीत तू आणि नाना एका बाजूला होतात.

अरे हो, चिंगीची दहावी ना यंदा? गणिताला शिकवणी लावलीस की अजून स्वतःच शिकवतोयस? वहिनींच्या बदलीचं काय झालं? दुकानाचा पुढचा भाग भाड्याने देऊ नकोस एवढंच सांगतो, सविस्तर फोनवर. बंड्या भेटला तर माझी टिपरं परत माग, त्याच्याकडेच आहेत.

एक काम कर. आपला पहिला हात रेकॉर्ड करून पाठव. आधी एकटा ताशा संथ, मग एकटा ढोल, मग दोन्ही चढत्या लयीत, तोड्यासकट. मोबाइल ढोलापासून दहा पावलं लांब ठेव, नाहीतर आवाज फाटतो. पुढची बैठक शुक्रवारी आहे, गुरुवारपर्यंत मिळालं तर त्यांना शब्दांत समजावत बसावं लागणार नाही.

तुझा,
विनू