पाढे जूनमध्ये, घड्याळ मागून

महोदय,

शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीऐवजी पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा शासनाचा निर्णय मला पटला. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत. २०१७ पासून ही परीक्षा पाचवीला गेली आणि या शाळांचा तिच्याशी असलेला संबंधच तुटला. मात्र आता परीक्षेला बसणारी मुले वर्षाने लहान असतील आणि त्यांची तयारी करून घ्यायची आपली रीत तीच राहिली, तर पदरी काय पडेल याची मला शंका आहे.

रीत अशी, की दिवाळीपर्यंत निवांत आणि मग सराव प्रश्नसंचांचा मारा. पाचवीच्या पहिल्या पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे असत. त्यातले ५० प्रश्न गणिताचे. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. मग शिक्षक आणि पालक दोघेही वेगाच्या मागे लागतात. पण मूल अडते कुठे, हे उत्तरपत्रिकेवरचा काळा गोल सांगत नाही. त्यासाठी कच्चे काम बघावे लागते.

संध्याकाळी माझ्याकडे वाडीतली काही मुले अभ्यासाला येतात. त्यातल्या एकाला उदाहरण घातले : एका पेटीत चार डझन आंबे, अशा सहा पेट्या, त्यातले अर्धा डझन नासले, तर चांगले किती? पठ्ठ्याने रीत अचूक मांडली. ४८ गुणिले ६, वजा ६. मग ‘सहा एके सहा’पासून बोटांवर सुरुवात करून तो अठ्ठेचाळीसला पोहोचला, आठ लिहिले, आणि एवढ्या खटाटोपात हातचे चार विसरला. आले २४८, त्यातून सहा गेले, उरले २४२. खरे उत्तर २८२. पर्यायांत २४२ होतेच, कारण प्रश्न काढणाऱ्यालाही मुले कुठे घसरतात ते ठाऊक असते. या मुलाला आणखी वीस प्रश्नसंच सोडवायला देऊन काय होणार? त्याला गणित कळते. सहा आठे चटकन आठवत नाही, एवढेच त्याचे दुखणे आहे.

आणि तो एकटा नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात, दहापर्यंतचे पाढे आणि पूर्ण संख्यांवरच्या चारही क्रिया नीट येणारी सहावीतली मुले ५३ टक्केच निघाली.

यावर कोणी म्हणेल, आमच्याकडे परिपाठाला रोज पाढे होतात. होतात, पण सामुदायिक. मागच्या रांगेतली चार मुले नुसते ओठ हलवतात आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय सुरात म्हटलेला पाढा क्रमानेच आठवतो. मधलाच ‘सात आठे’ विचारला, की मूल पुन्हा ‘सात एके’पासून निघते. तीसपर्यंत पाढे पाठ म्हणून कौतुक झालेली मुलेही इथे गडबडतात. (पावकी-दिडकी, म्हणजे पाव-दीडचे पाढे, येणाऱ्या आजोबांचा दाखला कृपा करून कोणी देऊ नये. त्यांच्या वर्गातल्या ज्यांना ती आली नाही, ते शाळा सोडून गुरे राखायला गेले.)

खरे तर काम वाटते तेवढे मोठे नाही. दहापर्यंतच्या पाढ्यांतून एक, दोन, पाच आणि दहा बाजूला काढा. ते मुलांना येतातच. सहा आठे आणि आठ सक एकच, हे चिंचोक्यांच्या रांगा मांडून एकदा दाखवले, की उरतात अवघ्या २१ जोड्या. त्याही घोकायच्या आधी जुळवता येतात. पाच आठे चाळीस येते ना, मग त्यात आणखी एक आठ घाल. नऊ साती म्हणजे सत्तरातून सात कमी. चारपट म्हणजे दुपटीची दुपट. बेरजेतही तेच : आठ मनात धरून सात बोटे मोजणाऱ्या मुलाला आधी दहा पुरे करायला शिकवावे, मग उरलेले पाच आपोआप पुढे येतात.

हे जूनपासून रोज पाच मिनिटे, तोंडी, उलटसुलट आणि एकेकाला विचारून व्हायला हवे. नव्या दोन-तीन जोड्या, बाकी कालच्या आणि परवाच्या. ‘छप्पन्नात आठ किती वेळा?’ असेही विचारावे, म्हणजे भागाकाराची वेगळी धास्ती राहत नाही. घड्याळ लावायचे ते जोड्या पक्क्या झाल्यावर, तेही मुलाच्या स्वतःच्या कालच्या वेळेशी तुलना करण्यापुरते. फळ्यावर पहिला-दुसरा नंबर लिहिण्याची हौस मला मुळीच मान्य नाही. त्यात मागे पडणारी मुले विचार करायचे सोडून अंदाजाने गोल रंगवायला लागतात.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. परीक्षा जवळ आली, की वर्तमानपत्रांतून सराव प्रश्नसंच येऊ लागतात. त्याऐवजी जूनपासून आठवड्यातून एकदा पाच ओळींची तोंडी हिशेबांची चौकट छापता आली तर पाहावे. केंद्रप्रमुखांनीही शाळाभेटीत शाळेची कागदपत्रे तपासण्याआधी चौथीच्या वर्गात जाऊन मागच्या रांगेपासून दहा प्रश्न तोंडी विचारावेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. सातारा